दसऱ्यापर्यंतचं पाणी

९ जून, सोमवार

चौघेही तोंडं वर करून आहेत. सकाळपासून! पाण्याच्या अगदी वरच्या थराला ओठ लावून हवा पितायत. वाईला असं कधी केलं नाही त्यांनी.

पुष्करला दाखवलं. तो डबा भरत होता. "भूक लागली असेल, बाबा," म्हणाला आणि गाडीची किल्ली उचलून गेला. वीज खात्यातल्या माणसाला सकाळी घाई असते, मान्य. पण भुकेचं तोंड वेगळं आणि जीव घुसमटल्याचं तोंड वेगळं. पोटच्या पोराला एवढं कळू नये?

टाकी आमच्या हिची, विनोदिनीची. ती गेली त्याला आता दोन पावसाळे होतील. मासे तिनं आणले, नावं मी ठेवली — वृत्तांची. शार्दूल, मालिनी, भुजंग आणि आर्या. या जातीला एंजल म्हणतात. चपटे, त्रिकोणी, लांब परांचे. पोहताना खरंच यती घेतात — थोडं पुढे, थांबा, परत पुढे. विनोदिनी म्हणायची, "बघा हो, तुमचा शार्दूल मात्रा चुकला!"

मे महिन्यात वाईहून आटपाडीला मी आलो तो मागच्या सीटवर, आणि हे चौघे झाकणाच्या बादलीत माझ्या पायाशी. बादलीत वाईचं पाणी होतं. ते संपलं.


१० जून

भांडी-फरशीला येणारी धोंडुबाई टाकीपुढं उभी राहिली, हातात फडकं तसंच.

"आवं काका, हे मासं आ वासून का बसल्यात? पाणी चावतंय का त्यास्नी?"

चावतंय! शब्द अचूक. मी पाटबंधारे खात्यात जन्म काढला, धोमच्या कालव्यावर. पाणी किती, कुणाच्या शेतचारीला, किती वेळ — सगळं मोजलं. पाणी कसं, हे एकदाही विचारलं नाही. वाईत विचारायची गरजच नव्हती.

इथलं पाणी बोअरचं. नळाच्या तोंडाला पांढरे खवले धरतात. बादलीला पांढरी कड. तुरीची डाळ शिजता शिजत नाही, सूनबाई मयूरी कुकरला शिट्ट्यांवर शिट्ट्या देते आणि डाळ तरी दाताखाली येतेच. अंगाला साबण लावला तर फेस नाही, नुसता चिकटपणा. चहासुद्धा परका लागतो.


१२ जून

आमच्या शाळेच्या पुस्तकांत नद्या किती होत्या! झुळझुळ, खळखळ, मंजुळ. गुरुजी छडी हवेत फिरवून चाल धरायचे आणि अख्खा वर्ग डोलायचा. बाहेर खरी कृष्णा, आत पुस्तकातली. कुठली ऐकतोय ते कळायचं नाही.

बोअरच्या पाण्यावर एकही कविता नव्हती. करणार कोण?


१५ जून, रविवार

आज बरंच काही झालं. नीट लिहून ठेवतो.

सकाळी भाऊसो आला. स्टँडजवळ त्याचं मासे-पोपट-कुत्र्यांच्या खाण्याचं दुकान आहे. पुष्करनंच बोलावलं होतं. त्यानं काचेच्या नळीत टाकीचं पाणी घेतलं, वर औषधाचे थेंब सोडले, नळी हलवली. पाणी निळंशार झालं. मग रंगांचं कार्ड शेजारी धरलं. कार्डावर पिवळा म्हणजे आंबट पाणी, हिरवा म्हणजे मधलं, निळा म्हणजे चढलेलं. आमचा निळा कार्डावरच्या शेवटच्या निळ्याहून गडद.

"लय चढलंय की काका! पीएच लय हाय. पार कार्डाच्या भाईर गेलंय."

"म्हणजे मरणार?"

"तसं न्हाई... आन् न्हाईच असं बी न्हाई." एक बाटली काढली. "ह्यातलं टोपणभर टाकायचं. उतरतंय बघा झटक्यात." बाटली ठेवली, आमच्या पोहे-चहाचं कौतुक केलं आणि गेला.

दुपारी मी पुष्करला म्हटलं, मला वाईला सोड. शांतपणे म्हटलं. त्यानं वर्तमानपत्र खाली ठेवलं.

"बाबा, न्हाणीघरात पडला होतात. शेजाऱ्यांनी दार फोडलं म्हणून. खुब्यात सळई घातलीय तुमच्या. परत एकटे राहणार?"

"अरे, मासेसुद्धा जगत नाहीत इथं. मी कसा जगू?"

यावर तो हसला. रागावला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, "ठीक आहे. दसऱ्यापर्यंत बघू. एक जरी मासा टिकला तर तुम्हीपण टिकायचं. एकही नाही टिकला तर मी स्वतः वाईला सोडतो, टाकीसकट. पण तोवर वाईचा विषय बंद! टाळी द्या."

हात पुढे केला. मी टाळी दिली. मयूरी आतून म्हणाली, "काय पोरखेळ लावलाय दोघांनी!"

पोरखेळ कसला? आमच्या वेळी टाळीवर बैलजोड्या ठरायच्या, सोयरिकी ठरायच्या. टाळी दिली म्हणजे दिली.


१६ जून

सकाळी जाग आली आणि मग डोक्यात प्रकाश पडला. मासे जगले तर मी इथेच. मासे मेले तर मी घरी.

विनोदिनीचे मासे!

असल्या पैजेला कुणी टाळी देतं का? मी दिली.


१९ जून

भाऊसोची बाटली. टोपणभर टाकलं. तासाभरात पाणी हिरवं, अगदी कार्डावरचा मधला हिरवा! मी एकटाच "वाहवा" म्हणालो.

सकाळी बघतो तर परत निळं. परत टोपण, परत हिरवं. परत निळं. पाणी आपलं म्हणणं सोडत नाही. आणि या ओढाताणीत चौघे कोपऱ्यात, पर मिटून. आर्या एका कुशीवर तिरकी झाली आहे. छत्री मिटल्यासारखे दिसतात सगळे.

बाटली कपाटात टाकली.


२१ जून

अंकिताला फोन केला. नात पुण्याला औषधशास्त्र शिकते. पोरीनं ऐकून घेतलं — हल्ली ऐकून घेणारं माणूस म्हणजे पर्वणी.

"आजोबा, त्या पाण्यात क्षार मुरलेत. तुम्ही आंबट काही घातलं की ते क्षार त्याला गिळून टाकतात. मग पाणी परत वर. माशांना चढलेल्या पाण्यापेक्षा रोजची वर-खाली जास्त बाधते. पाणी आठ असेल तर असू दे, पण रोज आठ असू दे."

"मग तोंडं वर का करतात?"

"चढलेल्या पाण्यात त्यांचीच घाण जास्त विषारी होते. खाणं कमी घाला. पाणी बदला, पण थोडं थोडं. आणि खाली काय आहे? वाळू की दगड?"

खाली पांढरेशुभ्र दगड आहेत. का विचारते कोण जाणे. उद्या लिंबू पिळून बघा म्हणाली.


२२ जून, रविवार

दगडावर लिंबू पिळलं. फसफसला! सोड्यासारखा! संगमरवराच्या चिपा त्या. म्हणजे बोअर बाहेरून क्षार ओततंय आणि हे दगड आतून. आम्ही माशांच्या बिछान्यातच चुना पेरला होता.

दगड मयूरीनं घातले होते. तिला कसं सांगायचं? शेवटी सांगितलं. तिचा चेहरा पडला.

"आईंची टाकी... काळी वाळू उदास वाटायची हो मला. म्हटलं जरा उजेड पडेल."

मग पदर खोचून बसली माझ्याशेजारी. मी स्टुलावर, ती खाली. चहाच्या गाळणीनं एकेक चिप वर काढली दोघांनी. मधेच म्हणाली, "आईंशी इतका वेळ कधी बसले नव्हते मी. त्या हयात असताना." मी गाळणी पुढे केली.

वाईची काळी वाळू गोणपाटात होती, ती धुऊन घातली. कृष्णेची वाळू. लिंबाला ती ढिम्म हलली नाही.


२९ जून

दुसरा मजला. लिफ्ट नाही. जिन्याला कठडा एकाच बाजूला, तोही उतरताना माझ्या अधू बाजूला. पुष्कर असला तरच खाली. पुष्कर नसतोच.

गॅलरीतून दोरीला पिशवी बांधून सोडतो. भाजीवाली भरते, मी ओढतो. या घरात माझ्यापेक्षा पिशवी जास्त वेळा खाली जाते.

समोर डाळिंबाच्या बागा, त्यापलीकडे माळ, माळापलीकडे माळ. डोळा टेकवायला पाणी नाही. वाईला खिडकीतून घाट दिसायचा—

वाईचा विषय बंद.


३० जून

वहीत तरी चालेल ना? टाळी पुष्करला दिली होती, वहीला नाही.

चालणार नाही. सुरुवात अशीच होते. आधी वहीत, मग तोंडात.


४ जुलै

स्वयंपाकघरात पाण्याचा फिल्टर आहे, क्षार काढणारा. त्यातलं पाणी नळीत घेतलं — हिरव्याच्याही अलीकडे! गोड, हलकं. थोडं बोअरचं, थोडं फिल्टरचं, असं मिसळून घालायचं ठरवलं. अंकिता हो म्हणाली.

पण फिल्टर एक बादली चांगलं पाणी देतो आणि त्याहून जास्त फेकून देतो. धोंडुबाईनं मोरीत चाललेली धार पाहिली आणि कंबरेवर हात ठेवला.

"काका, आमच्या वाडीवर टँकर यायचा तवा घागरीवरनं डोकी फुटायची. माज्या नणंदंचा दात पडलाय त्यात. आन् तुमी मासं पाजताय, तेबी गाळून?"

"फेकत नाही धोंडुबाई. बादली लावतो मोरीत. त्या पाण्यानं फरशी पुसा, संडासाला घ्या."

"व्हय, म्हंजे मासं पिणार गोड आन् मी पुसणार खारट!" आणि स्वतःच हसत सुटली. बादली मात्र तिनंच लावली. आता रोज लावते. फेकलेलं पाणी किती जमलं ते मला सांगते, कालव्यावरच्या पाटकऱ्यासारखी.

मयूरीची कुरबूर वेगळी — सकाळी फिल्टरला माशांची रांग असते, पुष्करची बाटली भरायची राहते. तिचंही खरं.


९ जुलै

डोक्यात कल्पना आली आहे. विनोदिनीची तांब्याची घागर माळ्यावर पडून आहे. आमच्या घरी पाणी कायम तांब्यात. आजी, आई, विनोदिनी — तिघींचं एकच म्हणणं, तांब्यात निवलेलं पाणी हलकं होतं, अंगी लागतं. मी ऐंशीच्या घरात आलो तो त्या पाण्यावर.

मग माशांना का नाही?

धोंडुबाईला घागर काढायला सांगितली. काळवंडली होती. तिनं चिंच-मिठानं घासली. काय लकाकली! विनोदिनी सणाला घासायची तशीच. फिल्टरचं पाणी भरून घागर खिडकीत ठेवली आहे. वर ओलं फडकं.

जुनी माणसं वाट दाखवतात अशी कधी कधी. मन भरून आलं. पहिल्यांदा वाटलं, या घरात माझं काहीतरी आहे.


१० जुलै

घागरीतलं पाणी टाकीत घातलं. हळूहळू, तांब्या-तांब्यानं. शाळेतली एक चाल गुणगुणत.


११ जुलै, शुक्रवार

आर्या गेली.

दुपारी भुजंग.


१२ जुलै

अंकिताला फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आजोबा, तांबं? माशांना तांबं म्हणजे विष. औषध म्हणून देतात तेव्हासुद्धा थेंब मोजून देतात. त्यात घागर चिंचेनं घासलेली, आणि फिल्टरचं मऊ पाणी — ते तांबं ओढूनच घेणार."

"अगं पण आपण तर पितो. पिढ्यान्पिढ्या."

"आपण मासे नाही ना, आजोबा."

ती सांगत गेली, मी करत गेलो. घागरीचं पाणी जेवढं निघेल तेवढं काढलं, साधं घातलं. शार्दूल आणि मालिनी वाचले असं वाटतंय. गंमत ही — अंकिता म्हणाली टाकीत बोअरचं जड पाणी होतं म्हणूनच दोघे वाचले. क्षारांनी तांबं बरंचसं अडवून धरलं. ज्या पाण्याला मी शिव्या घालत होतो त्यानं वाचवलं, आणि ज्याला ओवाळत होतो त्यानं मारलं.

मयूरीनं दोघांना कुंडीत पुरलं. तुळशीच्या नाही, शेजारच्या जास्वंदीच्या.

आता खरं लिहितो. दुसरं कुणी वाचणार नाही. भुजंग उलटा झाला तेव्हा रडू आलं — आणि रडता रडता मनात कुणीतरी म्हणालं, दोन उरले.

दोन उरले. म्हणजे अर्धी पैज जिंकलास, मधुकरराव.


१३ जुलै

कालचं शेवटचं वाक्य लिहायला नको होतं. पण खोडणार नाही.


३ ऑगस्ट, रविवार

आता पद्धत बसली आहे. दर रविवारी सकाळी.

आदल्या दिवशी प्लॅस्टिकच्या बादलीत (तांबं-पितळ काही नाही!) फिल्टरचं पाणी आणि बोअरचं पाणी एकत्र करून ठेवायचं. त्यात रानबदामाचं वाळकं पान. समोरच्या गल्लीत झाड आहे, धोंडुबाई येताना लालबुंद गळलेली पानं ओच्यातून आणते. पान टाकलं की पाणी कोऱ्या चहासारखं होतं आणि जरासं, अगदी जरासंच उतरतं. टाकीतलं थोडं जुनं पाणी काढायचं, थोडं हे घालायचं. बाकीचं तसंच. उन्हानं आटलेलं भरायला मात्र नुसतं फिल्टरचं, कारण पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात.

अंकितानं पुण्याहून पेनासारखं यंत्र पाठवलंय. टोक बुडवलं की आकडा येतो. आठ पूर्णांक चार होतं. आज आठ पूर्णांक एक. घाई नाही.

निवृत्तीनंतर पहिल्यांदा रविवार ओळखू येतोय. एरवी सगळे वार एकाच रंगाचे.


११ ऑगस्ट

पुष्कर रात्रपाळीवरच्या माणसांची रड सांगत होता जेवताना. वादळानं खांब पडलेत. पोरगा वाळलाय. त्याच्या कानामागे पांढरे केस आलेत, मला माहीतच नव्हतं.

एकदा वाटलं, विचारावं — खरंच सोडणार ना रे दसऱ्याला? नाही विचारलं. विषय बंद म्हणजे बंद. तोही काढत नाही. शब्दाचा पक्का आहे. माझ्यावरच गेला.


२४ ऑगस्ट, रविवार

आज पाणी बदललं नाही.

मयूरीला सांगितलं, खुबा ठणकतोय. तिनं तेल गरम करून दिलं, बिचारी. खुबा ठणकत नव्हता.

नुसता खुर्चीत बसलो टाकीपुढे. काही करायचं नाही, एवढंच तर करायचं होतं. कुणी बोट दाखवणार नाही. म्हातारा थकला, पाणी राहिलं, मासे गेले. वाईला घर, घराला खिडकी. नळाला पाणी येतं तेव्हा आधी हवा येते आणि मग भांड्यात धार — तो आवाज. मी काय मागतोय? एक आवाज!

मालिनी काचेशी येऊन थांबली होती. रविवार तिलाही कळतो.


२५ ऑगस्ट, सोमवार

दोघे वर तोंड करून. सकाळी, चहाच्या आधी दिसलं.

चहा तसाच ठेवला. बादली शनिवारपासून भरलेलीच होती. धोंडुबाई यायची वाट पाहिली नाही, एका हातानं वॉकर धरला आणि दुसऱ्यानं घासत घासत नेली बादली. पाणी सांडलं, पाय सरकला — आणि वॉकरनं धरलं. पडलो असतो तर? पडलो नाही.

धोंडुबाई आली तेव्हा मी जमिनीवर बसून फरशी पुसत होतो.

"आवं काका! ह्ये काय? मला हाक मारायला तोंड न्हवतं व्हय?"

"तुम्ही आला नव्हता."

"मासं एक दीस कळ काढत्यात. तुमी मेला आसता तर त्यास्नी पाजलं आसतं कुनी?"

टाकीतल्या हवेच्या पंपाचे बुडबुडे. दुपारी दोघे खाली उतरले, मधल्या पाण्यात आले. मालिनीनं पर उघडले. मी तिथंच डुलक्या काढल्या.

असं परत करणार नाही. पैज गेली खड्ड्यात. नाही — पैज आहेच. पण अशी जिंकायची नाही.


३१ ऑगस्ट

घरात गणपती. आरतीला शेजारचे आले. सगळ्यांनी आधी टाकी पाहिली, मग मूर्ती. एक मुलगी म्हणाली, "आजोबा, हे पाणी चहाचं का?" मी तिला रानबदामाचं पान दाखवलं. मोठी माणसंही ऐकायला थांबली. पुष्कर कोपऱ्यातून बघत होता. हसत होता का? दिवा डोळ्यांवर आला, कळलं नाही.


७ सप्टेंबर

सात पूर्णांक नऊ.


१२ सप्टेंबर

दोन ओळी सुचल्या. शाळेतून बाहेर पडल्यापासून कधी धीर झाला नव्हता:

ज्या पाण्याचा पडला विसर,
तेच पाणी झालं घर —

पुढं जमेना. 'विसर' खोटं आहे. विसर कुठला पडतोय? यमकासाठी खोटं बोललो. गुरुजींनी कान धरला असता.


२१ सप्टेंबर, रविवार

सात पूर्णांक सात. आठवडाभर हलला नाही आकडा. शार्दूल बोटातून खातो. मालिनीच्या अंगावरचे काळे पट्टे शाईनं ओढल्यासारखे दिसतात, वाईला सुद्धा इतके गडद नव्हते. का खोटं लिहू.

पुष्कर जाता जाता वाकला काचेशी. "बाबा, एकदम फिट आहेत की! मानलं तुम्हाला."

मानलं म्हणाला. बाकी काही नाही. पण दोघांनाही माहीत होतं तो काय म्हणतोय. मी मान हलवली.

आकडा जसजसा उतरत गेला, तसतसं दार लोटलं जात होतं. मीच लोटत होतो. दर रविवारी, थोडं थोडं.


२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

झेंडूची तोरणं. मयूरीनं फिल्टरलाही एक फूल वाहिलं! धोंडुबाईनं आपट्याचं पान हातावर ठेवलं, पाया पडली. "सोनं घ्या काका. आन् माश्यास्नी बी द्या, बदामाच्या बदली." पुष्करनं पान दिलं, मी दिलं. मिठी मारली त्यानं, कधी मारत नाही.

दिवसभर माणसं. बोलायला जमलं नाही. पण बोलायचं आहे.

मासे जगले. मी हरलो. उद्या पुष्करला तसं तोंडानं सांगून टाकायचं — बाबा रे, शब्द म्हणजे शब्द, मी इथेच राहतो, वाईच्या घराचं तू काय ते कर. मनातल्या मनात वाक्य घोकतोय. पाठांतराच्या तासाला बाकावर उभं केल्यासारखं वाटतंय. शेवटचं वाक्य दर वेळी विसरतो.


३ ऑक्टोबर, शुक्रवार

पुष्करला पैज आठवत नाही.

"कसली टाळी, बाबा?" म्हणाला. आठवून आठवून दमला. मग म्हणाला, "वाईला जायचं होतं तर बोलायचं ना! परत विषयच काढला नाहीत, मला वाटलं रमलात. मीपण रजा टाकतो, राहू चार दिवस, पटतंय का बघू. या रविवारी निघू?"

मी म्हटलं — या रविवारी नको. पाणी बदलायचं आहे.